चार दगडांचा प्लॉट

तातेराव बेलीफ कोणाच्याही घरात शिरण्याआधी चपला काढत. ज्या घरातली माणसं सामानासकट रस्त्यावर काढायला ते आलेले असत, त्या घराबाहेरसुद्धा. हातात कोर्टाचं कब्जा वॉरंट, मागे दोन पोलीस, चार हमाल, नवं कुलूप घेऊन आलेला घरमालक, आणि सगळ्यांच्या पुढे उंबऱ्याशी वाकून चपलांचे पट्टे सोडणारे तातेराव. ही मिरवणूक मी अनेकदा पाहिली आहे. मी दिवाणी न्यायालयात नाझर कचेरीत कारकून होतो. कोणत्या दिवशी कोणाला बेघर करायचं, याचं रजिस्टर माझ्या टेबलावर असे. लग्न ठरताना सासऱ्यांना मी माझ्या कामाचं एवढं सविस्तर वर्णन केलं नव्हतं.

तातेराव मूळचे पिशोरचे. उंच, वाळलेले, काळी टोपी, खांद्यावरून आडवा पट्टा आणि त्यावर कोर्टाचा पितळी बिल्ला. पोलीस अॅक्शनच्या थोडं आधी ते मुन्सिफ कोर्टात पाणी द्यायला लागले. निजामाच्या मुन्सिफाला पाणी देणारा पोरगा पुढे भारत सरकारच्या मुन्सिफाला पाणी देऊ लागला. भिंतीवरची तसबीर बदलली, माठ तोच राहिला. कागदांची लिपी उर्दूची मराठी झाली, पण तातेरावांच्या पंचनाम्यात घरात असलेला माणूस शेवटपर्यंत 'काबीज' असे आणि बाहेर काढल्यावर 'बेदखल' होई. मधली अवस्था त्यांना मान्य नव्हती.

आमच्याकडे तेव्हा हैदराबादेतून आलेला भाडे कायदा चाले. मुंबईचा वेगळा होता. दोन्हींचा मतलब साधारण एकच: किरायदार एकदा आत गेला की त्याला बाहेर काढायला एक आयुष्य लागे, आणि ते बहुधा मालकाचं लागे. आजोबांनी लावलेल्या दाव्याचं वॉरंट नातवाच्या हातात पडे. तोवर किरायदारही म्हातारा झालेला असे आणि आपण किरायदार आहोत हे त्याच्या पोरांना माहीतही नसे. दोन्ही बाजूंचा राग खरा असे. त्या दोन रागांच्या मधोमध चपला काढून उभं राहणं ही तातेरावांची नोकरी होती.

त्यांचा एक नियम होता आणि तो कुठल्याही कायद्यात नव्हता. सामान काढताना देव आधी आणि चूल शेवटी. देवाला ते हात लावत नसत. घरच्या माणसानं देव उचलून बाहेर नेईपर्यंत हमालांना उंबरा ओलांडू देत नसत. आणि चूल, स्टोव्ह, शेगडी, जे काही असेल ते, सगळ्यात शेवटी. "चूल आत हाय तवर घर आत हाय," ते म्हणत. "चूल भाईर आली की मंग नुसत्या भित्ती. भित्ती कोनाच्याबी असत्यात."

गुलमंडीच्या एका गल्लीतला कब्जा मला चांगला आठवतो, कारण देखरेखीला जाणारे नाझर आजारी असल्यामुळे मलाच जावं लागलं होतं. किरायदार प्राथमिक शाळेतले मास्तर. घरमालक कापडाचे व्यापारी. शेठजींनी या दिवसाची फार वर्षं वाट पाहिली होती आणि ती वाया जाऊ नये म्हणून ते पूजा सांगणारे गुरुजी, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन आले होते. गल्लीत गर्दी दिसताच मास्तरांच्या बायकोनं स्टोव्ह पेटवला आणि तांदूळ चढवले. बाकी सगळं सामान बाहेर आलं. आत उरला तो स्टोव्ह आणि त्याच्यावरचं पातेलं.

तातेराव त्या पातेल्यासमोर मांडी घालून बसले.

"काय झालं?" शेठजींनी दारातून विचारलं. "मुहूर्त टळतोय."

"भात व्हतोय, शेठजी."

"तातेराव, तुम्ही हुकूम कोर्टाचा मानता का भाताचा?"

"हुकूम कोर्टाचाच हाय. पन कच्चा भात रस्त्यावर न्यावा, असं त्यात लिव्हलेलं नाय."

पोलीस हसले. मास्तर हसले नाहीत. ते बाहेर एका ट्रंकेवर बसून वर्गात बसावं तसे सरळ समोर बघत होते. भात झाला. तातेरावांनी स्वतः पातेलं फडक्यात धरून बाहेर आणलं, मग स्टोव्ह. मग शेठजींनी नारळ फोडला आणि फोटो निघाला. त्या फोटोत मागे कोपऱ्यात वाफाळतं पातेलं धरलेला एक पट्टेवाला दिसत असेल. शेठजींनी तो भाग कापून टाकला असला तर मला कल्पना नाही.

सामानाची यादी हा त्यांचा दुसरा हट्ट. सगळे बेलीफ चार मोठ्या वस्तू लिहून खाली 'व इतर किरकोळ सामान' असं लिहून मोकळे होत. तातेरावांच्या यादीत हा शब्द नसे. 'पाटी, फुटकी, एक. बाहुली, हात नसलेली, एक. बाज, ढेकूण असलेली, एक.' मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, हे सगळं किरकोळमध्ये घाला की. मला नक्कल करावी लागते."

"किरकोळ कोनाचं, साहेब? तुमचं का त्यांचं?"

मी नक्कल करायला घेतली.

ते स्वतः किरायदार होते. औरंगपुऱ्याच्या मागे गोदूबाई म्हणून एक विधवा बाई होत्या. त्यांचे सासरे निजामाच्या दफ्तरात कारकून होते. आता त्यांच्याकडे तीन खोल्यांचं घर आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा उरला होता. त्यातली रस्त्याकडची खोली तातेरावांकडे, लग्न झालं तेव्हापासून. कब्जा देऊन आले की तातेराव खोलीत पाऊल ठेवत नसत. गोदूबाई दाराबाहेर पाण्याची बादली भरून ठेवत. मसणातून आल्यासारखी तिथेच आंघोळ करून मग ते आत जात. बाई ओट्यावरून विचारत, "आज कुठे?"

"शहागंज."

"किती माणसं?"

"सहा. आन् एक पोपट."

"पोपटाला सावली मिळाली का?"

"मिळाली, बाई."

एवढंच बोलणं. मग दार लागे.

त्या खोलीच्या भिंतीत एकही खिळा नव्हता. खोली दिली तेव्हा गोदूबाईंच्या सासऱ्यांनी "भिंत जपा" एवढं सांगितलं होतं. तातेरावांनी ती जपली. कॅलेंडर ट्रंकेला टेकून, आरसा खिडकीच्या गजात अडकवून, टोप्या दोरीवर. त्यांच्या बायकोचं, कौसाबाईंचं, आयुष्यात एकच मागणं होतं. मला त्या एकदा चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, मला लई मोठं घर नको. आपल्याच भित्तीत आपल्याच हातानं एक खिळा ठोकीन, अशी एक भित्त पायजे."

आणि तातेरावांनी गोदूबाईंना शब्द दिलेला होता: ज्या महिन्यात रिटायर होईन, त्या महिन्याच्या अखेरीला खोली खाली. बाईंनी मागितला नव्हता. हे कोर्टात कळलं तेव्हा सगळ्या वऱ्हांड्याला गंमत वाटली. वकील त्यांना थांबवून सांगत, "तातेराव, तीस वर्षं झाली. आता तुम्हाला साक्षात कायदा आला तरी काढू शकत नाही."

"कायदा काडत नाय, मान्य. पन बाईच्या सासऱ्यानं खोली दिली तव्हा त्यांनीबी कायद्याला इचारलं नव्हतं."

शब्द पाळायचा तर जागा हवी. ती त्यांनी रिटायर होण्याच्या बरीच वर्षं आधी घेऊन ठेवली होती. पुंडलिकनगरच्या पलीकडे तेव्हा ज्वारी होती. शेताचे मालक आपल्याच जमिनीत चुन्याची फक्की टाकून गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट पाडत आणि बॉण्डवर लिहून देत. एवढ्या लहान तुकड्यांची रजिस्ट्री होत नसे. म्हणून खरेदीखत नाही, नुसता स्टँपचा कागद. निम्म्या शहरानं घरं अशीच घेतली. पण तातेरावांनी घ्यावी? कागदाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला माहीत होती? मी तसं म्हणालो तर त्यांना राग आला. विकणारा त्यांच्या होणाऱ्या व्याह्याचा सख्खा भाऊ होता.

"पाव्हन्याला म्हनू, तुझा सात-बारा दाखीव? उद्या पोरगी नांदायची हाय तिथं."

इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या घरात त्यांनी ही चूक शेकड्यांनी पाहिली असेल. आपल्या घरात आल्यावर ती चूक दिसेना, नातं दिसलं.

त्यांचा इलाज मात्र अस्सल बेलिफाचा होता. कागद कच्चा असला तरी कब्जा पक्का हवा, म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला कब्जा दिला. एका रविवारी मला आणि कोर्टातले शिपाई करीममामू यांना पंच म्हणून नेलं. दवंडीसाठी हलगीवाला आणला. प्लॉटच्या चार कोपऱ्यांत चार दगड रोवले, त्यांच्यावर चुन्यानं एक ते चार आकडे घातले. हलगी वाजली. तातेरावांनी पट्टा-बिल्ल्यासकट उभ्या ज्वारीसमोर पंचनामा मोठ्यानं वाचला: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस पाव्हण्याचं शेत. एकही रस्ता तिथे नव्हता. ऐकायला आम्ही दोघं, कौसाबाई आणि बांधावरचा एक बैल. मी हसू दाबत सही केली. करीममामूंनी सही करता करता विचारलं, "तातेराव भाई, सब बराबर है. लेकिन चूल्हा कब रखते?"

"रखेंगे मामू. पोरीचं लगीन व्हऊ द्या."

पोरीचं लग्न झालं. मग तिचं बाळंतपण, मग आणखी काही. चूल मांडायची राहिली. दर रविवारी मात्र ते तिथे जात, दोन नंबरच्या दगडावर तासभर बसत आणि परत येत. ज्वारी गेली, आजूबाजूला पत्र्याची घरं उभी राहू लागली. मग रिटायर होण्याच्या वर्षी पावसाळ्यात कौसाबाई आजारी पडल्या. दोन-अडीच महिने दवाखाना. त्या रविवारांना दगडावर कोणी बसलं नाही.

पुन्हा गेले तेव्हा मी बरोबर होतो. मला त्याच बाजूला एका ओळखीच्यांकडे जायचं होतं. प्लॉटवर पत्र्याची एक खोली होती. दारापुढे चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, आणि चुलीपुढे पंचविशीची एक बाई. तिचं नाव शेवंता, हे नंतर कळलं. नवरा गवंड्याच्या हाताखाली, जालन्याकडून आलेले.

"कोन पायजे, बाबा?"

"इथं चार दगड व्हते," तातेराव म्हणाले.

"हायती की. तीन चुलीला घेतले. चवथ्यावर धुनं धुती."

तातेराव वाकून चुलीकडे बघत राहिले. एका दगडावरचा दोनचा आकडा काजळीतून अजून दिसत होता.

"जागा कोनाची ही?"

"आमचीच. कागद हाय." तिनं आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतला बॉण्ड आणला. विकणारा तोच, पाव्हणा. सही तीच. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस रस्ता. तातेरावांनी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला, होत्या त्याच घड्यांवर दुमडला आणि परत दिला.

"जपून ठिवा. पान्यापासून."

"तुमी कोन म्हनायचं?"

"मी कोर्टात असतो."

तिचा चेहरा एकदम उतरला. "आमाला काडाया आला का?"

"भाकर करपती, बाई. उलथा."

रस्त्यावर आल्यावर ते चपला घालायला वाकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी त्या काढल्या होत्या.

त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याशी भांडलो. दावा लावा म्हटलं, तुमचा कागद आधीचा आहे, मी पंच आहे, वकील फी घेणार नाही म्हणतायत. ते ऐकून घेत. एकदाच म्हणाले, "दावा जिंकीन मी. कव्हा ते सोडा. मंग वॉरंट निघंल. ते घेऊन आपल्याच कचेरीतला बेलीफ तिथं जाईल. त्याला मी काय सांगू, चूल शेवटी काड?"

पाव्हण्याकडे मात्र ते गेले होते. पाव्हणा घरी नव्हता. तो पुढेही कधी घरी नसे. पोरीला त्या घरात नांदायचं होतं, म्हणून तातेराव चहा पिऊन परत आले.

मग त्यांनी किरायाची खोली शोधायला सुरुवात केली, आणि तेव्हा मला आमच्या खात्याची खरी इभ्रत कळली. घरमालक खोली दाखवत, नळ दाखवत, मग विचारत, "काय करता आपण?" कोर्टात, म्हटलं की खोली अचानक भावासाठी ठेवलेली निघे. एकानं स्पष्टच सांगितलं, "तुम्ही लोक कायदा पिऊन बसलेले. एकदा शिरलात की निघायचे नाहीत." ज्या माणसानं आयुष्यभर किरायदार काढून दिले, त्याला किरायदार म्हणून कोणी ठेवेना.

निरोपसमारंभ मात्र थाटात झाला. मोठे साहेब अर्धा तास बोलले. तातेराव न्यायदानाच्या रथाचं चाक आहेत, असं त्यांनी सांगितलं. चाकाला पाठीचा त्रास होता, ते खुर्चीच्या कडेवर बसून होतं. शाल, श्रीफळ, आणि सगळ्यांनी मिळून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ मी निवडलं होतं. चांगलं मोठं, लांबून दिसेल असं. कुठल्या भिंतीवर, हा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही.

महिना संपायला थोडे दिवस उरले असताना गोदूबाईंच्या मुलाला पुण्यात अर्धांगवायू झाला. नोकरी गेली, तो बायको-पोरांसह परत यायला निघाला. बाईंना खोली आता खरंच हवी होती. तरी त्या स्वतः कोर्टाच्या वऱ्हांड्यात आल्या. पेन्शनच्या कागदांसाठी तातेराव माझ्या टेबलाशी उभे होते.

"तातेराव, राहा तुम्ही. नारायणाला मी स्वयंपाकघरात निजवीन."

"नाय, बाई."

"कुठे जाणार आहात? मला सांगा तरी."

"जागा बगितली हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये पाहिलं. जागा बघितलेली नव्हती.

जागा त्यांनी त्याच संध्याकाळी बघितली. शेवंतानं पहिल्या खोलीला लागून दुसरी खोली काढली होती. तिला किरायदार हवा होता. तिला तातेरावांचा व्यवसाय माहीत होता, आणि एव्हाना बाकीचंही वस्तीतून कळलं होतं. तरी तिनं नाही म्हटलं नाही; चूल तिची पेटलेली होती. तिनं फक्त एक अट घातली. जागा माझी हाय, तुमी किरायदार हाव, असं लिहून द्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा तातेरावांवर ओरडलो. "किरायदार म्हणून सही केलीत की संपलं. मग तुम्हाला कुठल्याच कोर्टात म्हणता येणार नाही की जागा माझी आहे. हे मी तुम्हाला सांगू?"

"ठावं हाय मला."

"मग?"

"ती बाई रविवारी माझी सावली दिसली की दाराला कडी घालती. चार महिने झाले. तिलाबी झोप लागली पायजे." मग म्हणाले, "आन् बगा, मालक म्हनून मला कायद्यानं काय दिलं? किरायदार म्हनून कायदा लई चांगला हाय."

ते हसले. मला हसू आलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी गोदूबाईंची खोली खाली केली. कौसाबाईंनी देव उचलून बाहेर आणले. मग सामान, एकेक. यादी त्यांनी स्वतः लिहिली, त्यात किरकोळ काही नव्हतं. शेवटी स्टोव्ह. गोदूबाई रिकाम्या खोलीत गेल्या आणि भिंतीवरून हात फिरवत फिरवत चारही बाजूंनी चालल्या. मग ओट्यावर आल्या आणि सवयीनं बादली भरायला लागल्या. अर्धी भरल्यावर थांबल्या.

भाडेचिठ्ठी त्याच दिवशी शेवंताच्या दारात झाली. अक्षर तातेरावांचं, सुरेख, ओळीत. चतुःसीमाही त्यांनीच लिहिली; आता तीनही रस्ते खरोखर झाले होते. शेवंतानं अंगठा केला. साक्षीदार म्हणून सही करायला मीच होतो. एका जागेचे दोन कागद, दोन मालक आणि साक्षीदार एकच. करीममामू तोवर वारले होते.

दोन महिन्यांनी पेन्शनच्या एका फॉर्मवर सही राहिली म्हणून मी तिथे गेलो. तातेरावांना मी पाहिलं ते शेवटचंच. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. खोली स्वच्छ होती. चार भिंती कोऱ्या. घड्याळ ट्रंकेवर, भिंतीला टेकवून ठेवलेलं, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात आणि चालू. मी त्याच्याकडे बघतोय हे कौसाबाईंनी पाहिलं. त्या दारात जाऊन शेजारी हाक मारून म्हणाल्या, "शेवंता, एक खिळा ठोकू का गं? घड्याळापुरता."

शेवंता हात पुसत आली. तिनं भिंत पाहिली. एकेरी विटेची, तिच्या नवऱ्यानं रात्रीचं काम करून बांधलेली. तिनं थोडा विचार केला. वाईट बाई नव्हती ती. घरमालक विचार करतो तसा तिनं केला.

"नका ठोकू, मावशी. भित्त नवी हाय. तडा जाईल."

कौसाबाईंनी तातेरावांकडे पाहिलं.

"बराबर हाय त्यांचं," तातेराव म्हणाले.

सही घेऊन मी निघालो. गल्लीच्या वळणावर मागे वळून पाहिलं, तर तातेराव घड्याळ घेऊन उंबऱ्याबाहेर येऊन बसले होते. मांडीवर उभं धरलेलं, दोन्ही हातांनी, तोंड रस्त्याकडे. कामाला निघालेली एक बाई थांबून विचारत होती, "किती वाजले, बाबा?" तातेरावांनी खाली पाहिलं नाही. तिला नीट दिसावं म्हणून घड्याळ थोडं वर उचललं आणि ती वाचेपर्यंत तसंच धरून ठेवलं.